वहिनींसाठी स्थळ

डायलिसिसच्या त्या केंद्रात डॉक्टर चार, सिस्टर नऊ आणि यंत्रं बारा. पण हे सगळं चालतं कुणाच्या जिवावर, असं विचारलंत तर पाणीवाले मामा स्वतःकडे बोट दाखवणार नाहीत. इतके काही ते उथळ नाहीत. ते फक्त मागच्या दाराकडे बघतील, आणि तुमच्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत बघतच राहतील.

मागच्या दाराआड पाण्याची खोली आहे. वाळूची टाकी, कोळशाची टाकी, क्षार शोषून घेणारी टाकी, मग माणसाच्या उंचीच्या पांढऱ्या नळ्या आणि त्यांच्यावर दाब दाखवणारे काटे. नळाला येणारं पाणी एका बाजूने आत शिरतं आणि दुसऱ्या बाजूने इतकं निर्मळ होऊन निघतं की ते माणसाच्या रक्ताच्या शेजारून वाहू शकतं. वाहतंच. ज्यांची मूत्रपिंडं थकली त्यांचं रक्त यंत्रातून फिरतं, तेव्हा एका पातळ पडद्याच्या अलीकडे रक्त असतं आणि पलीकडे मामांचं पाणी. त्यात जरा जरी घाण राहिली तर पेशंट खुर्चीतल्या खुर्चीत कुडकुडायला लागतो आणि ताप चढतो. मामांच्या एकोणीस वर्षांत हे एकदाही झालेलं नाही.

"माझ्या पाण्याने आजवर कुणाला हुडहुडी भरलेली नाही," हे वाक्य मामा दिवसातून दोनदा तरी उच्चारतात. नवा पेशंट आला तर त्याचं नाव विचारण्याआधीच ऐकवतात. सिस्टर डोळे फिरवतात. पण पाणी तपासायच्या वहीत रोज सकाळी सहा वाजता मामांची सही असते, आणि ती सही बघितल्याशिवाय त्यांच्यातली एकही जण यंत्राचं बटण दाबत नाही.

मामा आठवी पास. धंदा नळजोडणीचा. एका दुपारी ते इथे एक गळका सांधा दुरुस्त करायला आले होते. कुणीतरी पाऊण इंचाच्या नळीला एक इंचाचा तुकडा बळेच बसवून वर दोऱ्याचे वेढे घातले होते. मामांनी तो काढला, हातात धरून सगळ्या स्टाफला दाखवला आणि लग्नाला निघताना कुणी शिंकल्यासारखं तोंड केलं. "जोड म्हणजे मापाला माप," ते म्हणाले. "अर्ध्याला अर्धा, पाऊणला पाऊण. मापात बसतं तेच टिकतं." दोन मापं जोडायला रिड्यूसर नावाचा तुकडा मिळतो, एका तोंडाने मोठा आणि दुसऱ्याने लहान. पण मामांच्या लेखी रिड्यूसर म्हणजे नाइलाजाचं काम. त्या वेळच्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांना दुसऱ्या दिवशीही बोलावलं, मग तिसऱ्या दिवशी. तेव्हापासून मामा तिथलेच झाले.

आणि हा मापाचा नियम त्यांनी नळापुरता ठेवला नाही. मुलीला स्थळ बघतानाही त्यांनी मुलाची उंची दाराच्या चौकटीशी मनातल्या मनात मोजली होती. जावई तिच्यापेक्षा बरोबर एकच बोट उंच निघाला, आणि संसार उत्तम चालला आहे. मग माणूस आपला नियम सोडेल कशाला?

आता टाकीचं सांगायला हवं. एका बऱ्या झालेल्या पेशंटच्या घरच्यांनी ती केंद्राला भेट दिली होती. पाच फूट लांब, खाऱ्या पाण्याची. आत समुद्रातले दगड, त्यांच्यावर जांभळी-हिरवी पोवळी, मधोमध हाताच्या पंजाएवढं एक समुद्रफूल, म्हणजे दिसायला फूल पण असतो तो प्राणीच, आणि त्या फुलात घर करून राहणारी नारिंगी माशांची एक जोडी, अंगावर पांढरे पट्टे. देखभालीला माणूस ठेवला होता, तो तीन महिन्यांत यायचा बंद झाला. पाणी हिरवं पडलं. टाकी भंगारात निघणार, तोच मामा हात पुसत बाहेर आले.

"ह्याला पाणी कुठलं घालत होता?"

"नळाचं," सिस्टर म्हणाल्या.

मामांनी कपाळावर हात मारला. "अहो, भिंतीपलीकडे माझं पाणी वाहतंय! त्यात मीठ घाला, झालं."

झालं नव्हतंच, पण दोन महिन्यांत टाकी आरशासारखी झाली. पुढची सात वर्षं मामांनी तिचं पाणी बदललं, मीठ मोजलं, काच घासली. आठवड्यातून तीनदा चार-चार तास खुर्चीला जखडलेली माणसं तिच्याकडे बघत बसायची. ह्या माणसांना दिवसभरात प्यायला मोजून पाणी, तहान लागली तर बर्फाचा खडा चोखायचा. चार नंबरच्या खुर्चीतले ड्रायव्हरकाका म्हणायचे, "खारं आहे म्हणून बरं. गोडं असतं तर मी आत उडी मारली असती."

माशांची नावंही ड्रायव्हरकाकांनीच ठेवली. मोठी होती ती वहिनी. बरोबर तीन इंच, अंगाने भरलेली, फुलाच्या जवळ बोट नेलं तर काचेवर धावून येणारी. छोटा होता तो भाऊजी. वहिनी पुढे, भाऊजी मागे. वहिनींनी खाल्ल्याशिवाय भाऊजी तोंड उघडायचे नाहीत. "आमच्या घरचंच चित्र आहे," काका म्हणायचे, आणि शेजारच्या स्टुलावरून त्यांची बायको त्यांना कोपराने ढोसायची. तो संवाद आठवड्यातून तीनदा व्हायचा आणि कुणालाही शिळा वाटायचा नाही.

मग एका मंगळवारी भाऊजींनी उडी मारली.

टाकीच्या झाकणात मामांनी नळीसाठी एक फट ठेवली होती, दोन बोटं रुंद. एवढ्या फटीतून मासा कशाला बाहेर येईल? पण आला. सकाळची पाळी संपत आलेली, काकांची बायको चहाला गेलेली, एक सिस्टर औषधाच्या खोलीत, दुसरी टोकाच्या पेशंटपाशी. भाऊजी पडले ते थेट चार नंबरच्या पायाशी. काकांच्या हातात दोन जाड सुया, एकीतून रक्त बाहेर जातंय, दुसरीतून परत येतंय. ते ओरडले. सिस्टर धावली तोवर व्हायचं ते झालं होतं.

मामांनी त्याच संध्याकाळी जाळीचं नवं झाकण बनवून बसवलं. वरातीमागून घोडं, हे त्यांचं त्यांनाच कळत होतं.

काका पुढच्या पाळीला आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या पाळीला बायकोने आणलं तेव्हा पाय सुजून बुटात मावत नव्हते आणि चार पावलांत दम लागत होता. डायलिसिस म्हणजे शाळा नव्हे, दोन दिवस बुडवून चालायला. मोठ्या मॅडमनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. काका खाली मान घालून ऐकत राहिले, मग म्हणाले, "एकतीस वर्षं बस चालवली मॅडम. रस्त्यात कुत्रं आडवं आलं तरी पाय ब्रेकवर जायचा. आणि तो माझ्या पायाशी तडफडत होता, नि मला वाकता येईना. माझी खुर्ची भिंतीकडे फिरवा. नाहीतर मी येत नाही."

खुर्ची भिंतीकडे फिरवली.

मॅडमनी मामांना केबिनमध्ये बोलावलं. मॅडम केंद्राच्या प्रमुख, मामांपेक्षा वीस वर्षांनी लहान, बोलायला तुटक पण माणूस म्हणून सरळ. "मामा, तुम्हाला दोष देत नाही. पण इथे येणारा प्रत्येक जण मरणाशी रोज दोन हात करतो. त्यांच्या डोळ्यांदेखत आणखी एक मासा गेला, तर टाकी निघेल. त्या भिंतीवर टीव्ही लावू."

"टीव्हीला पाणी लागत नाही," मामा म्हणाले.

"तेच तर," मॅडम म्हणाल्या.

एकट्या पडलेल्या वहिनी पंपाच्या मागे कोपऱ्यात जाऊन बसल्या. फुलाकडे फिरकेनात. खाणं टाकलं तर एक दाणा उचलायच्या, दुसरा थुंकायच्या. सकाळच्या पाळीचे बारा पेशंट, त्यातला एक पाठमोरा, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच विषय. वहिनी आज जेवल्या का? मामांना ते ऐकवेना. टीव्हीच्या भीतीपेक्षाही त्यांना एक गोष्ट जास्त टोचत होती. चार नंबरच्या खुर्चीची पाठ. सात वर्षं जो माणूस आपलं पाणी बघून हसत होता तो आता भिंत बघत होता, आणि फट मामांनी ठेवली होती.

शुक्रवारी त्यांनी टेप घेतला, काचेला लावला, वहिनी वळल्या तशी झटकन मोजणी केली आणि माशांच्या दुकानात गेले.

दुकान एक तिशीची बाई चालवायची. बाह्या कोपरापर्यंत वर, हात कायम ओले. भिंतभर काचेच्या टाक्या आणि एका बाजूला मिठाच्या गोण्या. मामा तिथे मीठ न्यायला महिन्यातून एकदा यायचे, त्यामुळे ओळख होती.

"नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा. तीन इंची," मामा म्हणाले, जशी कोपरनळी मागावी तशी.

"एकच हवाय? आधीचा आहे का टाकीत?"

"आहे. तीन इंची. मादी."

"मग तीन इंची नका नेऊ. ह्यांच्यात—"

"अगं पोरी," मामांनी तिचं वाक्य मध्येच तोडलं, "एकोणीस वर्षं पाणी सांभाळतोय मी. जोड कसा लावायचा ते मला नको शिकवूस. मापाला माप दे."

तिने खांदे उडवले. गिऱ्हाईक देव असतं, आणि देवाशी वाद घालून दुकान चालत नाही. तिने तीन इंची मासा पिशवीत भरून दिला, देखणा, तुकतुकीत, शेपटीला काळी किनार. "भांडले तर लगेच बाहेर काढा," एवढं मात्र तिने पाठीमागून बजावलं.

मामांची दुसरी चूक पहिलीहून मोठी. त्यांना प्रेक्षक हवे होते. त्यांनी तो मासा शनिवारी सकाळी अकरा वाजता सोडला, बाराच्या बारा खुर्च्या भरलेल्या असताना. पिशवी आधी तासभर टाकीत तरंगत ठेवली, पाण्याला पाणी मिळवलं, सगळं कसं नीट. सिस्टरनी नव्याला लगोलग नवरदेव म्हणून टाकलं. कुणीतरी टाळीसुद्धा वाजवायला गेलं आणि सुईचं भान येऊन थांबलं. "काका, वळा की इकडे!" मामा म्हणाले. "स्थळ आणलंय वहिनींना!"

काकांनी मान वळवली. नेमकी तेव्हाच.

वहिनी पंपामागून निघाल्या त्या बाणासारख्या. पहिला चावा शेपटीवर. नवरदेवही काही कमी नव्हता, त्याने उलटून वहिनींचा पंख धरला. दोघं दगडांवरून गरगरत खाली गेले, वाळू उडाली, पाणी गढूळ झालं आणि आतून नुसते नारिंगी झटके दिसायला लागले. एक आजी "अगं बाई, सोडवा त्यांना" म्हणून रडायला लागल्या. मामा कोपरापर्यंत आत. जाळीत कधी दगड यायचा, कधी नुसतं पाणी. चौथ्या खेपेला नवरदेव सापडला. शेपटीची किनार गेलेली, एका बाजूचे खवले निघालेले, पण जिवंत. मामांनी त्याला बादलीत टाकलं.

मॅडम दारात उभ्या होत्या.

"ही वहिनीच भांडकुदळ आहे," एक सिस्टर म्हणाली.

"नाही, हा नवाच उद्धट निघाला," मामा बादलीकडे बघत म्हणाले.

"एका हाताने टाळी वाजत नाही मामा," काका म्हणाले. त्यांनी मान परत भिंतीकडे वळवली होती. "आणि इथे तर तिसरा हातही होता. तो तुमचा."

मामांनी बादली उचलून पाण्याच्या खोलीत नेली.

घरी गेल्यावर त्यांनी जेवताना सगळं बायकोला सांगितलं. मुलीला आणि जावयाला ते असलं काही सांगत नाहीत, पण बायकोपासून लपवून उपयोग नसतो, ती पाणी वाढतानाच तोंड वाचते.

"दुकानातली काय म्हणाली होती?" तिने विचारलं.

"काहीतरी सांगत होती."

"काय?"

"ऐकलं नाही."

"अहो, मग रडताय कशाला? उद्या जा आणि ऐकून या." आणि तिने त्यांच्यापुढची ताटली उचलली. तिचा न्याय असाच झटपट असतो.

मामा दुसऱ्या दिवशी बादली घेऊन गेले. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत मिठाच्या गोणीपाशी उभे राहिले. मग बादली तिच्यापुढे ठेवली, वहिनी-नवरदेवाची सगळी हकिगत सांगितली आणि म्हणाले, "ताई, चुकलो. तुम्ही सांगत होता ते आज सांगा."

परवाची पोरगी आज ताई झाली, आणि 'तू'चं 'तुम्ही' झालं. तिच्या ते लक्षात आलं, पण तिने दाखवलं नाही. बादलीतला मासा निरखला, औषधाच्या टाकीत सोडला आणि एक स्टूल मामांकडे सरकवलं.

"ह्यांच्यात जोडीतला जो मोठा, तीच बाई," ती म्हणाली. "लहान तो नवरा. अगदी पिल्लं असतात तेव्हा कुणीच बाई नसतं. त्यातलं जे वाढून मोठं होतं ते बाई होतं. तुमच्या वहिनी तीन इंच, आणि मी दिलेला तीन इंच. म्हणजे तो नवरदेव नव्हताच मामा, तीही वहिनीच होती. तुम्ही एका घरात दोन मालकिणी नेऊन सोडल्यात."

"एका म्यानात दोन तलवारी," मामा म्हणाले.

"हो. तुम्हाला पाहिजे पिल्लू. इंचभराचं. लहान, हलकं, ज्याला मोठं व्हायची घाई नाही असं."

मामांनी दोन बोटांत इंचभराचं माप धरून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे रिड्यूसर लागतो."

तिला ते कळलं नाही. मामांनी तिला समजावून सांगितलं, मोठं तोंड, लहान तोंड, दोन मापं आणि एक सांधा. "आयुष्यभर त्याला नाइलाज म्हणत आलो," ते म्हणाले, आणि स्वतःशीच हसले.

मग तिने शिकवलं आणि त्यांनी खिशातल्या वहीत लिहून घेतलं. पिल्लू आधी दुकानातच तीन आठवडे वेगळं राहील, रोगराई नाही ना ते बघायला. मग टाकीत, पण भोकं पाडलेल्या डब्यात, फुलाच्या जवळ, म्हणजे दोघांना एकमेकांचा वास लागेल पण चावा लागणार नाही. निदान दहा दिवस. डबा उघडण्याआधी दगडांची जागा बदलायची, म्हणजे मोठीला आपलं घर ओळखू येणार नाही आणि तीही पाहुणी होईल. आधी पोटभर खायला घालायचं. दिवा मंद करायचा.

"आणि मग?"

"मग हात बाहेर. मोठी अंगावर जाईल, घाबरू नका. लहान जर तिच्यापुढे आडवा होऊन थरथरला, तर समजा जमलं. ती त्याची पद्धत आहे. तू मोठी, मी लहान, असं म्हणायची."

"आणि थरथरला नाही तर?"

"तर जाळी आहेच तुमच्याकडे."

सोमवारी मामा मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्याउभ्याच बोलले. "चूक माझी. दुकानातल्या बाईंनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मला पाण्यातलं कळतं. माशांतलं कळत नव्हतं, आणि कळत नाही हे सांगायची लाज वाटली. एक संधी द्या. हीही फसली तर टाकी मी माझ्या हाताने उतरवीन आणि टीव्हीची खुंटीही मीच ठोकीन."

मॅडमनी चष्मा काढला. एकोणीस वर्षांत मामांनी चूक कबूल केल्याची नोंद त्या केंद्रात कुठे नव्हती. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण पेशंटसमोर नाही. दोन पाळ्यांच्या मधल्या वेळेत, टाकीवर चादर टाकून."

तीन आठवड्यांनी पिल्लू आलं. इंचभर, पातळ, एका बाजूचा पट्टा अर्धाच उतरलेला. सहा भोकांचा एक पारदर्शक डबा मामांनी स्वतः तयार केला, तीन मिलिमीटरची भोकं, कडा पॉलिशपेपरने घासून, म्हणजे पोराचा पंख अडकायला नको. डबा टाकीत टांगला. पहिल्या दिवशी वहिनींनी त्याच्यावर डोकं आपटलं. दुसऱ्या दिवशीही. पाचव्या दिवशी त्या डब्याशेजारी नुसत्या थांबल्या. आठव्या दिवशी डब्याच्या बाजूला राहून त्यांनी पहिल्यांदा चार दाणे सलग खाल्ले. मामा ही बातमी खुर्च्याखुर्च्यांतून सांगत फिरले, फक्त चार नंबरपाशी आवाज जरा मोठा करायचे आणि पुढे जायचे.

अकराव्या दिवशी काका स्वतःच बोलले. "आज उघडणार म्हणे डबा?"

"दुपारी. तुम्ही गेल्यावर. मॅडमचा हुकूम आहे."

काकांनी सिस्टरला हाक मारली. "मॅडमना बोलवा." मॅडम आल्या. काका भिंतीकडे बघतच म्हणाले, "मॅडम, त्याला मरताना मी बघितलं. ह्याला नांदतानाही मीच बघणार. चादरीखाली नको. खुर्ची फिरवा माझी."

मॅडमनी मामांकडे पाहिलं. मामांनी जाळी या हातातून त्या हातात घेतली. त्यांना भीती वाटत होती, आणि ती लपत नव्हती. मॅडमनी स्वतः खुर्चीच्या चाकाचा खटका काढला आणि चार नंबर टाकीकडे फिरवला.

मामांनी हात धुतले, साबण न लावता, नुसत्या आपल्या पाण्याने. दोन दगडांची अदलाबदल केली. वहिनींना खाऊ घातलं. दिवा मंद केला. मग डब्याची कडी काढली, झाकण वर केलं, डबा हळूच तिरका केला, पिल्लू बाहेर पडल्यावर तो उचलून घेतला आणि जाळी उजव्या हातात धरून मागे सरकले. हॉलमध्ये फक्त यंत्रांची घरघर होती.

पिल्लू मधोमध तरंगत राहिलं. वहिनी दगडामागून आल्या, थांबल्या, आणि सुटल्या. मामांची जाळी पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत गेली.

"हात!" काका ओरडले. "मामा, हात!"

जाळी तिथेच थांबली. मामांनी आयुष्यात एवढं अवघड काम केलेलं नव्हतं. गळतंय असं दिसत असताना सांध्याला हात न लावणं.

वहिनी पिल्लाच्या अंगावर आल्या. पिल्लू पळालं नाही. ते आडवं झालं, पोटाची बाजू वर करून, आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत थरथरायला लागलं. वहिनी बोटभर अंतरावर थांबल्या. एकदा त्याच्याभोवती फिरल्या. पुन्हा अंगावर गेल्या, पुन्हा ते थरथरलं. तिसऱ्या वेळी वहिनींनी त्याला नाकाने नुसतं ढकललं आणि पाठ फिरवून समुद्रफुलाकडे निघाल्या. भाऊजी गेल्यापासून पहिल्यांदाच. फुलात शिरल्या, अंग घासलं, आणि वळून पाहिलं. पिल्लू मागोमाग गेलं.

"मामा!" काकांचा आवाज फाटला. "मामा, तुमच्या पाण्याने एकाला हुडहुडी भरली हो!"

आजी हसल्या, मग त्यांच्या शेजारची हसली, मग ज्याला त्याला हसू आवरेना. आणि मग काकांनी आपला सुई नसलेला हात उचलून खुर्चीच्या हातावर आपटला. थप. पुन्हा थप. पलीकडच्या खुर्चीतून दुसरा हात आला, मग तिसरा. प्रत्येकाचा एक हात यंत्राला बांधलेला, सुयांखाली निमूट पडलेला, आणि दुसरा रेक्झिनवर पडत होता. बारा जणांच्या बारा हातांनी हॉल दणाणून गेला. सिस्टर औषधाच्या खोलीतून बाहेर आल्या. मॅडमही उभ्या होत्या, त्यांचे दोन्ही हात मोकळे होते, पण त्यांनीही एकच हात वापरला, शेजारच्या टेबलावर.

मामा टाकीशी उभे होते, जाळी हातात, बाही कोपरापर्यंत ओली. त्यांना मागच्या दाराकडे बघायचं होतं, सवयीने. पण ते चार नंबरकडे बघत होते, आणि डोळे पुसायला हात कोरडा नव्हता.

"आता तो तिसरा हात खिशात घाला," काका म्हणाले.

मामांनी ओला हात तसाच खिशात घातला.